दुसरा सिकंदर

दुसरा सिकंदर गर्दीतही ओळखू येतो. कपाळावरचे केस वर उचलून मागे वळवलेले. आपण ज्याला कोंबडा म्हणतो तोच. दाढी गुळगुळीत. मान किंचित डावीकडे कललेली. आणि नजर अशी, की समोर सावकार उभा असला तरी ती त्याच्या डोक्यावरून थेट क्षितिजाला भिडते. क्षितिजावर पाहण्यासारखे काहीच नसते. पण पहिल्याच्या पुतळ्याची नजर तशी होती, तेव्हा यालाही ती हवीच.

पहिला सिकंदर इ.स.पू. ३५६ मध्ये मॅसिडोनियातल्या पेल्ला इथे जन्मला आणि ३२३ मध्ये बॅबिलोनला आजारी पडून गेला. तेहतीस पुरी झाली नव्हती. तेवढ्यात तो ग्रीसपासून बियास नदीपर्यंत जाऊन आला, वाटेत आपल्या नावाची शहरे वसवत. पुतळ्यांसाठी त्याचा खास माणूस होता, लिसिपस नावाचा शिल्पकार. मानेची ती ढब आणि पाणीदार नजर लिसिपसलाच साधली असे चरित्रकार प्लुटार्क सांगतो, आणि राजाचे सरदार व मित्र नेमक्या याच दोन गोष्टींची नक्कल करत असेही सांगतो. राजा गेल्यावर हे सरदार साम्राज्याच्या वाटणीसाठी चाळीस वर्षे एकमेकांचे गळे कापत राहिले. कलती मान मात्र सगळ्यांना बिनतंटा पुरली.

तेव्हापासून हा दुसरा सिकंदर पृथ्वीवर हिंडतो आहे. इतिहासकार त्याला वेगवेगळ्या नावांनी ओळखतात. मला तो एकच इसम वाटतो. अधूनमधून कपडे बदलून येतो एवढेच.

रोममध्ये तो पाँपी म्हणून आला. जेमतेम पंचविशीत आफ्रिकेतली लढाई जिंकली आणि विजयाच्या मिरवणुकीचा हट्ट धरला. रथाला घोडे तर कोणीही जुंपतो. याने हत्ती जुंपायचे ठरवले. हत्ती आले, रथ आला, लोक जमले, आणि वेशीपाशी ध्यानात आले की वेस अरुंद आहे. हत्ती सोडले, मुकाट्याने घोडे जुंपले. जग पादाक्रांत करायला निघालेल्या माणसाला दरवाजाचे माप घ्यायला फुरसत कुठली?

केसांचा कोंबडा त्यालाही होता. त्यामुळे तो सिकंदरासारखा दिसतो अशी बोलवा झाली. प्लुटार्क मोठा सभ्य लेखक. तो एवढेच नोंदवतो की हे साम्य दिसण्यापेक्षा बोलण्यातच जास्त होते. खात्री करायची असेल तर कोपनहेगनच्या ग्लिप्टोटेक संग्रहालयात पाँपीचे संगमरवरी डोके आहे. गोल चेहरा, भरलेले गाल, बारीक डोळे, पंगतीवरून नुकत्याच उठलेल्या भल्या यजमानासारखा भाव, आणि या सगळ्यावर, काही संबंध नसताना, तो कोंबडा.

इ.स.पू. ६१ मध्ये त्याची सर्वांत मोठी मिरवणूक निघाली. अंगावर झगा होता, आणि तो म्हणे खुद्द सिकंदराचा. मिथ्रिडेटिस राजाच्या जप्त केलेल्या सामानात सापडला होता. अ‍ॅपियन हा इतिहासकार ही हकिकत देतो आणि शेवटी हळूच म्हणतो की ज्याला विश्वास ठेवायचा त्याने ठेवावा. अडीचशे वर्षांपूर्वीचा झगा, कसर न लागता, बरोबर पाँपीच्या मापाचा!

दुसरा सिकंदर एकटा कधीच तयार होत नाही. त्याच्याभोवती मंडळी लागतात. झगा ओळखणारे, केसांची तारीफ करणारे, आणि मुख्य म्हणजे वय कमी करणारे. त्या मिरवणुकीच्या वेळी पाँपी चौतिशीच्या आत होता असे ही मंडळी ठासून सांगत, कारण पहिला त्याच वयाच्या आसपास गेला होता. प्लुटार्कने दुरुस्ती केली, की खरे तर तो चाळिशीला टेकला होता. वस्तुतः मिरवणुकीच्या त्या दिवसांत पाँपीला पंचेचाळिसावे वर्ष पुरे होत होते. चरित्रकारानेसुद्धा पाच वर्षे सवलत द्यावी, असा या मंडळींचा वचक.

या इसमाची एक रडकी जातही असते. स्पेनमध्ये गादेसच्या देवळात सिकंदराचा पुतळा पाहून तरुण सीझरने उसासा टाकला. या वयात त्याने जग जिंकले होते आणि आपल्या हातून अजून काहीच झाले नाही, हे त्याचे दुःख. बत्तिशीच्या आसपास हा झटका पुष्कळांना येतो. बहुतेक जण चहा पिऊन कामाला लागतात. सीझर लागला नाही, त्याचे परिणाम गॉलमधल्या लोकांना भोगावे लागले.

सीझरचा वारस ऑगस्टस इ.स.पू. ३० मध्ये अलेक्झांड्रियाला पोचला, तेव्हा त्याने कबरीतला सिकंदराचा देह बाहेर काढून पाहिला. सोन्याचा मुकुट वाहिला, फुले वाहिली. इतिहासकार कॅसियस डिओ तर ऐकीव म्हणून सांगतो की त्याने देहाला हात लावला आणि नाकाचा तुकडा निघाला. पुढचे आणखी धीट. कॅलिगुलाने त्याच कबरीतले चिलखत आणवून अंगावर चढवले. नीरोने सहा फुटी जवानांचे एक पथक उभारून त्याला सिकंदराचे नाव दिले. नवीन कल्पना कोणाचीच नाही. चिलखत, झगा, केस, उंची. जे शिंप्याकडून, न्हाव्याकडून किंवा भरती-कारकुनाकडून मिळू शकते तेवढेच उचलायचे.

यांच्या बोलण्यात बाप कधी येत नाही. सिकंदराचा बाप फिलिप. शत्रूच्या भाल्याच्या दुप्पट लांब ते 'सरिसा' भाले, ती घट्ट विणीची पायदळाची फळी, शिस्तीतले घोडदळ, ताब्यात आणलेला ग्रीस, इराणवरच्या स्वारीचा बेतसुद्धा, सगळे फिलिपने तयार करून ठेवले होते. लहानपणी बापाच्या विजयाची बातमी आली की पोरगा मित्रांपाशी कुरकुरायचा, की बाबा सगळेच जिंकून टाकणार, मला काय उरणार! एवढी चिंता असलेला मुलगा बापाचा ऋणी असायला हवा होता. त्याने पुढे इजिप्तच्या वाळवंटात सिवाच्या देवळात जाऊन आपण आमोन देवाचा पुत्र असल्याचे ऐकून घेतले. फिलिप तोपर्यंत वारला होता, नाहीतर त्याला काय वाटले असते कोण जाणे. दुसऱ्या सिकंदरांनीही हाच कित्ता गिरवला. पाँपीची पहिली फौज त्याच्या बापाच्या जुन्या शिपायांतून उभी राहिली. पण मिरवणुकीत बापासाठी वेगळा रथ निघाल्याचे कोणी लिहिलेले नाही.

आणि खरे सांगायचे तर, पहिला सिकंदर तरी पहिला कुठे होता? तो दुसरा अकिलीस होता. लहानपणी त्याला लिसिमॅकस नावाचा एक शिक्षक होता. विद्वत्ता बेताची. पण त्याने पोराला अकिलीस म्हणायला सुरुवात केली, फिलिपला अकिलीसच्या बापाचे नाव दिले, अकिलीसच्या म्हाताऱ्या गुरूचे नाव स्वतःला घेतले, आणि एवढ्या भांडवलावर राजवाड्यात जागा पक्की केली. म्हणजे मंडळी तेव्हाही होतीच. विद्यार्थ्याने खेळ मनावर घेतला. उशाशी खंजीर, त्याच्याशेजारी अकिलीसचेच महाकाव्य, 'इलियड'. आशियात उतरल्यावर ट्रॉयला जाऊन अकिलीसच्या थडग्यावर माळ वाहिली आणि प्रथेप्रमाणे मित्रांसह उघड्या अंगाने त्याभोवती धावला. तिथल्या देवळात ट्रोजन युद्धाच्या काळची म्हणून टांगलेली शस्त्रे होती, ती उतरवून घेतली आणि पुढे लढायांत आपल्यापुढे मिरवली. पाँपीच्या झग्याचे मूळ इथे आहे. परतताना गेद्रोसियाच्या वाळवंटात त्याने अर्धपोटी फौज घातली, तीही सेमिरामिस राणी आणि सायरस यांना जे जमले नाही ते आपण करून दाखवावे म्हणून, असे त्याचाच सरदार नियार्कस याच्या नावावर नोंदले आहे. हजारो माणसे तहानेने मेली.

एकदाच हा मनुष्य वेगळे काही बोलला. कोरिंथमध्ये ऊन खात पडलेल्या डायोजिनिसने त्याला बाजूला सरकायला सांगितले तेव्हा, सिकंदर नसतो तर डायोजिनिस व्हायला आवडले असते, असे तो म्हणाल्याची आख्यायिका आहे. दुसरा सिकंदर व्हायला रांग लागते. दुसरा डायोजिनिस व्हायला कोणी पुढे येत नाही, आणि त्याला तर केसही विंचरावे लागत नाहीत.

असो. कॅराकॅला या नावाने हा इसम रोमच्या गादीवर बसला, तेव्हा प्रकरण हाताबाहेर गेले. पाचशे वर्षे उलटली होती, तरी त्याने सोळा हजार मॅसिडोनियन जमवून सिकंदराची फळी नव्याने उभी केली, आणि पोशाख, शस्त्रेही त्या काळची: कच्च्या कातड्याची शिरस्त्राणे, तीनपदरी तागाची चिलखते, लांब भाले. सिकंदराचे म्हणून कोणी प्याले आणून दिले, तर त्यांतून पिऊ लागला. हत्ती बाळगले. चित्रे काढवली ती अशी, की एका धडावर एकच डोके, पण अर्धा चेहरा सिकंदराचा आणि अर्धा याचा. इतिहासकार हेरोडियनने ती स्वतः पाहिली होती आणि त्याला हसू आवरले नाही. सिनेटला तर याने कळवले, की सिकंदर पुन्हा आपल्या रूपाने आला आहे. पहिल्या खेपेला आयुष्य तोकडे पडले, या खेपेला जरा जास्त जगावा म्हणून.

सिकंदरावरच्या विषप्रयोगात अ‍ॅरिस्टॉटलचा हात होता अशी एक जुनी कंडी होती. कॅराकॅलाने ती मनाला लावून घेतली. अलेक्झांड्रियात अ‍ॅरिस्टॉटलच्या पंथाचे विद्वान होते, त्यांच्या एकत्र जेवणाची सोय त्याने बंद करून टाकली. त्यांची पुस्तके जाळायचेही त्याच्या मनात होते. पण आधी खानावळ. विद्वानांना नेमके कुठे दुखते हे या गृहस्थाला कळत होते, एवढे मान्य करायला हवे.

अलेक्झांड्रिया शहर मूळचेच टवाळ. अंगाने ठेंगणा माणूस अकिलीस आणि सिकंदराचा आव आणतो म्हणून तिथले लोक त्याची टर उडवत. इ.स. २१५ मध्ये त्याने त्या शहरात जी कत्तल केली तिला हसता येत नाही. दुसरा सिकंदर गमतीचा असतो तो त्याच्या हाती फौज नसेपर्यंत. दोन वर्षांनी मेसोपोटेमियात प्रवास करताना तो लघवीला म्हणून घोड्यावरून उतरला आणि त्याच्याच एका सैनिकाने त्याला भोसकले. जास्त जगायला आलेला हा सिकंदर एकोणतीस वर्षांचा होता.

पुढे बऱ्याच काळाने तो आपल्या मुलखात आला. १२९६ मध्ये कड्याचा सुभेदार अल्लाउद्दीन खिलजी याने चुलत्याला, म्हणजे सुलतानालाच, न विचारता देवगिरीवर झडप घातली. रामदेवराव यादव बेसावध होता. जी लूट मिळाली ती घेऊन अल्लाउद्दीन परतला, चुलत्याला मारले, आणि दिल्लीच्या वाटेवर मुक्कामामुक्कामाला एका छोट्या फेकयंत्रातून सोने लोकांवर उधळत तख्तापर्यंत गेला. चुलताच सासराही होता. वडीलधाऱ्यांच्या जिवावर उभे राहण्याची घराण्याची रीत इथेही सुटली नाही. देवगिरीच्या सोन्यावर दिल्लीत जो बसला, त्याने नाण्यांवर पदवी घातली: 'सिकंदर सानी', दुसरा सिकंदर. इतका रोखठोक कबुलीजबाब क्वचितच मिळतो.

तख्त मिळाले, लढाया जिंकल्या, दारू चढली, आणि मैफलीत दोन बेत पुढे आले. एक, नवा धर्म काढावा. दोन, दिल्ली कोणाच्या तरी हवाली करून जग जिंकायला निघावे. मैफलीतले लोक माना डोलवत. ही हकिकत झियाउद्दीन बरनीने लिहून ठेवली आहे, आणि तिचा खरा नायक बरनीचा चुलता अलाउल्मुल्क, दिल्लीचा कोतवाल. हा माणूस इतका लठ्ठ होता की महिन्यातून एकदाच, चंद्र दिसला की दरबारात यायचा. त्या फेरीत सुलतानाने त्यालाही विचारले. कोतवालाने आधी दारू उचलायला लावली, मग फालतू माणसे बाहेर काढली. नंतर सांगितले की धर्म काढणे हे पैगंबरांचे काम, बादशहांचे नव्हे. आणि जग जिंकायचे म्हणता, तर सिकंदराला अ‍ॅरिस्टॉटलसारखा वजीर होता. तो वर्षानुवर्षे बाहेर राहून परतला तेव्हा राज्य जसेच्या तसे होते. हुजूर दिल्ली कोणाच्या भरवशावर सोडणार? रणथंभोर अजून हाती नाही, चितोड नाही, माळवा नाही, आणि वायव्येकडून मंगोल येताहेत.

वास्तविक पहिला सिकंदर घरी परतलाच नव्हता आणि अ‍ॅरिस्टॉटल त्याचा वजीर नव्हता. सल्ला देणाऱ्याचा इतिहास कच्चा असला तरी चालते; या कोतवालाची नजर क्षितिजावर नसून वेशीवर होती. सुलतानाने ऐकले, आणि इतर सिकंदरांपेक्षा तो वेगळा ठरतो तो इथेच. कोतवालाला झगा, दहा हजार टंके, दोन घोडे आणि दोन गावे मिळाली. विश्वविजय रद्द झाला. पदवी नाण्यांवर तशीच राहिली.

देवगिरीहून नैर्ऋत्येला कार्ल्याच्या लेण्यात जावे. चैत्यगृहाच्या खांबांवर दानाचे लेख आहेत आणि त्यांत काही दाते स्वतःला धेनुकाकटाचे यवन म्हणवतात. नाशिकच्या एका लेण्यात उत्तरेकडून, दात्तामित्रीहून आलेला योनक इंद्राग्निदत्त आपल्या बापाचे नाव धम्मदेव असे देतो. सिकंदराच्या स्वारीनंतर ग्रीक बोलणारी जी माणसे या खंडात राहिली, मिसळली, त्यांचे हे दूरचे भाऊबंद. अशोकाला कंदाहारजवळ ग्रीक भाषेत लेख कोरावासा वाटला तो अशा वाचकांसाठीच. वारसा म्हणायचा तर यांचा हक्क सर्वांत मोठा. पण एक खांब दिला, एक ओळ कोरली, बापाचे नाव घातले, आणि गेले. एकानेही शिंगे लावून घेतली नाहीत.

शिंगांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमोनचा पुत्र म्हणून नाण्यांवर सिकंदराच्या डोक्याला मेंढ्याची शिंगे दाखवत. त्यावरून तो 'झुल्करनैन', दोन शिंगांचा, झाला असे पुष्कळ जण मानतात, आणि मग त्याचे नातेवाईक दूरदूर निघू लागले. ही दुसऱ्या सिकंदराची निरुपद्रवी शाखा. इजिप्तच्या लोकांनी तो आपल्या शेवटच्या फॅरोचा मुलगा असल्याची गोष्ट रचली. फिर्दौसीने त्याला इराणच्या राजाचा मुलगा, म्हणजे त्याच्याकडून हरलेल्या दाराचा सावत्र भाऊ करून टाकला. हरलेल्यांची ही युक्ती मला फार आवडते: ज्याने झोडपले त्याला घरातलाच ठरवावे, म्हणजे भाऊबंदकी झाली, पराभव कुठे झाला? मलाक्काच्या सुलतानांची वंशावळ 'सजारह मलायु'त थेट त्याच्यापर्यंत नेली आहे. मार्को पोलोला बदख्शानमध्ये सांगण्यात आले, की इथले राजे सिकंदराचे वंशज. इतकेच नव्हे, सिकंदराच्या ब्युसेफॅलस घोड्याचे वंशजही आत्तापर्यंत इथे होते, जन्मतःच कपाळावर खूण असलेले. सगळे राजाच्या एका चुलत्याकडे होते. तो राजाला एकही घोडा देईना, राजाने त्याला मारले, तेव्हा चुलतीने रागाने सगळी पैदास नष्ट करून टाकली. नाहीतर दाखवले असते!

नाव ठेवण्याने मात्र कोणाचे भले झालेले दिसत नाही. विजापूरच्या शेवटच्या आदिलशहाचे नाव सिकंदर. चारएक वर्षांचा असताना गादीवर बसवला, आणि १६८६ मध्ये, अठराव्या वर्षी, किल्ला औरंगजेबाच्या हवाली करून मोकळा झाला.

मुंबईत दुसरा सिकंदर १९४१ मध्ये पडद्यावर आला. मिनर्व्हा मूव्हीटोनचे सोहराब मोदी पारशी. ज्याने इराणचे पर्सेपोलिस जाळले त्याला जरथुष्ट्री परंपरेत शापित म्हणतात. मोदींनी त्याच्यावर खर्चिक, भव्य चित्रपट काढला आणि स्वतः पोरसची भूमिका घेऊन त्याला समोरासमोर खडे बोल सुनावले. सिकंदर झाले पृथ्वीराज कपूर. देखणे, भारदस्त, या कामासाठीच जन्मल्यासारखे. चोवीस वर्षांनी 'सिकंदर-ए-आझम' निघाला. तोवर पृथ्वीराज पोरस झाले होते आणि सिकंदराचे काम दारासिंगांकडे गेले होते. या धंद्यात बढती मिळाल्याचे मला माहीत असलेले हे एकमेव उदाहरण.

आता हा इसम सरकारात शिरला आहे. २०११ मध्ये मॅसिडोनियाची राजधानी स्कोप्ये इथे भर चौकात ब्राँझचा एक प्रचंड घोडेस्वार उंच खांबावर चढवण्यात आला. खाली कारंजी, दिवे, संगीत. त्याला पाहून कोणीही सांगेल हा कोण ते. पण सिकंदर आमचा म्हणून ग्रीस आधीच संतापलेला, त्यामुळे पुतळ्याचे अधिकृत नाव ठेवले 'घोड्यावरचा योद्धा'. ग्रीसशी समेटाची बोलणी सुरू झाल्यावर, २०१८ मध्ये, विमानतळाचे सिकंदराचे नाव काढले. ग्रीसच्या सरहद्दीकडे जाणाऱ्या हमरस्त्याला त्याचे नाव होते, त्याला 'मैत्री' म्हणू लागले. पुढच्या वर्षी देशाने स्वतःचेही नाव बदलून उत्तर मॅसिडोनिया करून घेतले. घोडेस्वार खांबावरच आहे.

जुना दगडी पूल ओलांडून वार्दार नदीच्या पलीकडे गेले की आणखी एक मोठा पुतळा लागतो. त्याला तर घोडाही नाही. अधिकृत नाव नुसतेच 'योद्धा'. तो फिलिप. मूठ वळून हात उंचावून उभा आहे. फौज कोणाची होती हे तो ओरडून सांगत असेलही, पण अलीकडे कारंज्याचे संगीत चालू असते.